झाड आलं, सोबती मागे राहिला



मृग तोंडावर आला की मेसेजमध्ये एकच प्रश्न येतो. "भाऊ, यंदा परसात नवीन काय लावू?" रोपवाटिकांच्या जाहिरातीही नेमक्या त्याच वेळी सुरू होतात. ड्रॅगन फ्रूट, अवोकॅडो, पॅशन फ्रूट, व्हॅनिला, परदेशी अंजीर. फोटो इतके देखणे की माणूस रोपाची किंमत विचारायच्या आधी खड्डा कुठे घ्यायचा ते ठरवतो.

मी नव्या झाडाच्या विरोधात नाही. आपल्या ताटातलं निम्मं तर परदेशातून आलेलं आहे. पण गेल्या काही महिन्यांत या झाडांचा इतिहास वाचत बसलो होतो आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. झाड माणसाबरोबर बोटीत बसून येतं. पण ज्याच्या भरवशावर त्याचं फूल फळ धरतं ती माशी, तो किडा, मातीतला तो जिवाणू बऱ्याचदा मायदेशातच राहतो. मग झाड वाढतं, हिरवंगार दिसतं, फुलतं सुद्धा, आणि फळाच्या नावाने शंख. आज त्याच मागे राहिलेल्या सोबत्याबद्दल लिहितो. पोस्ट लांब आहे, सावकाश वाचा.

आधी आपल्या घरातलं बघू. मिरची, बटाटा, टोमॅटो, भुईमूग, पेरू, पपई, काजू, अननस, रताळं, लाल भोपळा, श्रावण घेवडा. ही सगळी मंडळी अमेरिका खंडातली. पोर्तुगीज गोव्यात आले 1510 साली, त्यानंतरच्या दीडदोन शतकांत यातली बरीचशी आपल्याकडे पोचली. नावं बघा ना. बटाटा, काजू, अननस, पपई, पेरू, सगळ्यांवर पोर्तुगीज शिक्का आहे. आता यातली किती पिकं इतकी सहज का रुजली? चव, हवामान ही कारणं आहेतच. पण त्यांच्या फुलांकडे बघा. मिरची, टोमॅटो, भुईमूग, घेवडा यांचं फूल स्वतःच्याच परागावर फळ धरू शकतं. बटाटा डोळ्यावरून लावायचा, रताळं वेलाच्या तुकड्यावरून, अननस फुटव्यावरून. म्हणजे यांना सोबत्याची फारशी गरजच नव्हती. एकटं आलं तरी संसार होणारी ही पिकं. लाल भोपळ्याला मात्र माशी लागते, कारण नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. पण काकडी, दोडका, कारली यांच्यावर फिरणाऱ्या आपल्या माश्यांनी त्याला लगेच घरचं मानलं.

जी झाडं इतकी नशीबवान नव्हती त्यांची खरी गंमत आहे.

व्हॅनिलापासून सुरू करू, कारण वीसेक वर्षांपूर्वी या वेलाने दक्षिणेतल्या बऱ्याच जणांना आधी नाचवलं आणि मग रडवलं. व्हॅनिला म्हणजे ऑर्किडच्या कुळातला वेल. मूळ मेक्सिकोचा. तिथे वेराक्रूझ भागात पापान्तलाच्या आसपास टोटोनाक लोक त्याच्या शेंगा पिढ्यान्‌पिढ्या काढत आले. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात शेंगा युरोपात नेल्या आणि श्रीमंतांच्या चॉकलेटमध्ये तो वास जाऊन बसला. मग साहजिकच सगळ्यांना वाटलं, आपल्या वसाहतीत हा वेल लावू. लंडनच्या काचघरात तो 1807 च्या सुमारास फुलला. तिथून बेल्जियम आणि फ्रान्सच्या बागांत काड्या गेल्या. 1820 च्या आगेमागे फ्रेंचांनी हिंदी महासागरातल्या, मॉरिशसशेजारच्या रियुनियन बेटावर तो नेला. वेल तिथे झाडांवर झक्क चढले. फुलं आली. शेंग एकही नाही.

कारण फुलाची रचनाच तशी. नर आणि मादी भाग एकाच फुलात, अगदी शेजारी, पण मध्ये एक पातळ पडदा. त्याला शास्त्रात रोस्टेलम म्हणतात. फूल सकाळी उघडतं, दुपारपर्यंत मिटतं, तेवढ्यात काही झालं नाही तर गळून जातं. मेक्सिकोच्या रानात हा पडदा ओलांडून देणारी माशी आहे. वर्षानुवर्षं मेलिपोना या बिनडंखी माशीचं नाव घेतलं जायचं, अलीकडचे अभ्यासक युग्लॉसा नावाच्या चकचकीत हिरव्या माश्यांकडे बोट दाखवतात. माशी कोणतीही असो, ती बोटीत बसली नव्हती.

1836 साली बेल्जियममधल्या लिएजच्या बागेत शार्ल मॉरॅन या वनस्पतीशास्त्रज्ञाने हाताने परागीभवन करून शेंगा धरवून दाखवल्या. पण मळ्यात हजारो फुलांवर झटपट करता येईल अशी ती पद्धत नव्हती. तो प्रश्न सुटला 1841 साली, आणि सोडवला बारा वर्षांच्या एका गुलाम पोराने. नाव एडमंड. रियुनियन बेटावर सॅंत-सुझान इथे बेलिए-बोमाँ नावाचा मळेवाला होता, हा पोरगा त्याच्याकडे. आई बाळंतपणातच गेलेली. मालकाला झाडांचा नाद, पोरगा कायम मागे मागे. भोपळ्याच्या कुळातल्या एका वेलाचं नर फूल मादी फुलाला कसं लावायचं हे मालकाने त्याला दाखवलेलं होतं. मालकाकडे व्हॅनिलाचा एक जुना वेल होता, वीसेक वर्षं वांझ. एक दिवस बघतो तर वेलाला दोन शेंगा. पोरगा म्हणाला, मी धरवल्या. मालकाचा विश्वास बसेना. मग पोराने करून दाखवलं. बारीक काडीने पडदा वर उचलायचा आणि अंगठ्याने पराग खाली दाबायचा. एवढंच. काही सेकंदांचं काम.

मालकाने शेजारच्या मळ्यांत त्याला शिकवायला पाठवलं. बेट व्हॅनिलाचं झालं, पुढे मेक्सिकोला मागे टाकून गेलं. तिथून हे तंत्र मादागास्करला पोचलं, आणि आज जगातली सर्वाधिक व्हॅनिला तिथून येते. आजही मळ्यातलं जवळजवळ प्रत्येक फूल याच काडी-अंगठ्याच्या युक्तीने हाताळलं जातं. सरावलेला माणूस दिवसाला हजार-दीड हजार फुलं करतो. आणि एडमंड? 1848 साली गुलामगिरी उठली, त्याला आल्बियस हे आडनाव मिळालं, हातात दमडी नाही. पुढे चोरीच्या प्रकरणात तुरुंग झाला, जुन्या मालकाने अर्जविनंत्या केल्यावर शिक्षा कमी झाली. शोधाचं श्रेयही एका नामांकित वनस्पतीशास्त्रज्ञाने स्वतःकडे ओढायचा प्रयत्न केला, तेव्हाही तो मालकच पोराच्या बाजूने उभा राहिला. 1880 साली एडमंड गरिबीतच गेला. ज्याच्या अंगठ्यावर एवढा मोठा धंदा उभा राहिला त्याची ही कथा. मला तरी हे वाचून व्हॅनिलाचं आइस्क्रीम पहिल्यासारखं लागत नाही.

आता आपल्याकडे या. 2000 च्या आसपास मादागास्करला वादळाने झोडपलं आणि व्हॅनिलाचे भाव कडाडले. 2003-04 पर्यंत तयार शेंगेचा भाव जगात किलोला 500 डॉलरच्या घरात गेला. केरळ, कर्नाटकात सुपारी-कॉफीच्या बागांतून वेल चढले, आपल्या कोकणातही काही बागायतदारांनी नारळ-पोफळीत लावून पाहिले. केरळात शेंगा चोरीला जाऊ लागल्या, रात्रीचे राखणदार बसले. मग मोठ्या कंपन्या कृत्रिम व्हॅनिलिनकडे वळल्या, मादागास्कर सावरलं, आणि 2005 येईतो भाव दहाव्या हिश्श्यावर आला. भाव पडणं कुणाच्या हातात नसतं, ते सोडा. पण ज्यांनी वेल विकत घेताना "फुलोऱ्याच्या दिवसांत रोज सकाळी काडी घेऊन कोण उभं राहणार" हा हिशेब केला नव्हता, त्यांचं गणित भाव असतानाच चुकलेलं होतं. शिवाय शेंग पिकायला आठ-नऊ महिने आणि नंतर गरम पाण्यात बुडवणं, घाम आणणं, वाळवणं यात आणखी काही महिने. परसात दोन वेल हौसेने लावा, जरूर लावा. फूल फुललं की पोरांना काडी देऊन बसवा, त्यांना विज्ञान कळेल. एकरभर लावायचं असेल तर आधी घरातली माणसं मोजा.

दुसरी गोष्ट अंजिराची, आणि ही तर आपल्या उंबराशी जोडलेली. उंबर फोडलं की आत बारीक किडे दिसतात, त्यांना आपण केंबरं म्हणतो. उंबर फोडून केंबरं काढणं ही म्हणही त्यातूनच आली. पण ही केंबरं म्हणजे घाण नाही. ती आहेत उंबराची सुईण. उंबर, वड, पिंपळ, अंजीर या कुळात फुलं फळाच्या पोटात असतात आणि इवलीशी गांधीलमाशी आत शिरल्याशिवाय त्यांचं परागीभवन होत नाही. प्रत्येक झाडाची माशी साधारण ठरलेली.

तुर्कस्तानात स्मर्ना, म्हणजे आजचं इझमीर, तिथलं सुकं अंजीर जगात नावाजलेलं. कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्यांना वाटलं, आपलं ऊन तसंच, माती चांगली, आपण का मागे राहायचं. 1880 च्या सुमारास सान फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्राने पुढाकार घेऊन स्मर्ना अंजिराच्या हजारो काड्या मागवल्या आणि वाटल्या. झाडं जोमात वाढली. फळं सुपारीएवढी झाली की गळायची. दरवर्षी तेच. लोक म्हणायला लागले, तुर्कांनी फसवलं, मुद्दाम वांझ जात दिली.

तुर्की शेतकरी काय करायचा? हंगामात रानटी नर अंजिराची फळं ओवून माळा करायचा आणि चांगल्या झाडावर टांगायचा. त्या रानटी फळांतून माशी निघून चांगल्या फळांत शिरायची. ग्रीसच्या थिओफ्रॅस्टसने तेवीसशे वर्षांपूर्वी हे लिहून ठेवलेलं. पण कॅलिफोर्नियात कुणी हे सांगितलं की लोक हसायचे. अडाण्यांची अंधश्रद्धा म्हणायचे. शेवटी फ्रेस्नोच्या जॉर्ज रोडिंग या रोपवाटिकावाल्याने 1890 साली काडीने पराग आत घालून पाहिला. त्याच फळांनी धर धरला. मग नर झाडं आणली, माशी आणायचे प्रयत्न सुरू झाले. माशी यायची आणि मरायची. अमेरिकी कृषी खात्याच्या वॉल्टर स्विंगल यांनी अल्जीरियाहून पाठवलेली माशी 1899 साली तिथे एकदाची स्थिरावली. तोवर झाडं येऊन जवळपास दोन दशकं झालेली. दोन दशकं, मंडळी. तेवढ्यात कितीजणांनी बागा उपटल्या असतील विचार करा. अडाणी म्हणून हिणवलेल्या शेतकऱ्याच्या माळेतच उत्तर लटकत होतं.

आपलं पुरंदरचं अंजीर या भानगडीत का पडत नाही? कारण ती जात वेगळी. तिचं फळ परागीभवनाशिवाय, माशीशिवाय पोसतं. त्यामुळे परदेशी अंजिराची काडी कुणी आणून दिली तर गोडी किती, आकार किती हे नंतर विचारा. आधी विचारा, हिला माशी लागते का? स्मर्ना गटातली असेल तर इथे पानांची सावली मिळेल, बाकी काही नाही. उंबराची माशी तिच्या कामाची नाही.

तेलताडाचं थोडक्यात सांगतो. मूळ पश्चिम आफ्रिकेचं झाड, मलेशियात मोठमोठे मळे झाले. तिथे पराग पिचकारीने मारायला मजुरांच्या फौजा लागायच्या. आफ्रिकेत काम केलेल्या लेस्ली डेव्हिडसन या मळेवाल्याला प्रश्न पडला, कॅमेरूनमध्ये तर कुणी हाताने करत नाही, मग इथे का करावं लागतं? रहमान सय्यद या पाकिस्तानी कीटकशास्त्रज्ञाने शोधून काढलं की तिथे एक सोंड्या भुंगेरा हे काम करतो. नीट तपासण्या करून 1981 साली तो मलेशियात सोडला, 1985 साली आपल्याकडे केरळात आणला. पिचकाऱ्या बंद झाल्या. कृषी विद्यापीठातली जी मंडळी हे पेज वाचतात त्यांना ही गोष्ट माहीत असेल, पण शेतकऱ्याला कुणी सांगत नाही.

कधी कधी सोबती मागे राहतो, पण नव्या गावात दुसरा कुणी भेटतो. सीताफळाचं तसं झालं. सीताफळ, रामफळ, हनुमानफळ, लक्ष्मणफळ हे सगळं खटलं अमेरिकेतलं आणि आपण त्याला थेट रामायणात नेऊन बसवलं. यापेक्षा जास्त आपलंसं करणं काय असतं? सीताफळाचं फूल आधी मादी असतं, नंतर नर होतं. दोन्ही वेळा जुळत नाहीत. मध्ये लागतात ते बारीक भुंगेरे, जे जाड पाकळ्यांच्या आत शिरून बसतात. आपल्याकडे पिकलेल्या, सडलेल्या फळांवर राहणारे तसल्या कुळातले भुंगेरे होतेच. म्हणून दौलताबादच्या टेकड्यांवर, बीडच्या बालाघाटात सीताफळ कुणी न लावता रानात पसरलं. याउलट त्याचंच भावंड चेरीमोया, म्हणजे आपण ज्याला हनुमानफळ म्हणतो ते, कॅलिफोर्नियात गेलं तर तिथे हे काम करणारा भुंगेरा नाही. तिथले बागायतदार आजही कुंचला घेऊन फुलोफुली फिरतात.

सीताफळवाल्यांनी अजून एक गोष्ट पाहिली असेल. उन्हाळ्यातली पहिली फुलं गळतात आणि पावसाळी हवा पडली की सेटिंग सुरू होते. कोरड्या हवेत फुलाचा मादी भाग लवकर सुकतो हे त्यामागचं एक मोठं कारण. परसात चार झाडं असतील तर सकाळी पूर्ण उघडलेल्या फुलातला पराग कुंचल्यावर घ्या आणि अर्धवट उघडलेल्या फुलात फिरवा. एका फांदीवर करा, शेजारची फांदी तशीच सोडा. पुढचं झाडच सांगेल.

आता ड्रॅगन फ्रूट, ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. हे निवडुंगाच्या कुळातलं, मध्य अमेरिकेतलं. फ्रेंचांनी एकोणिसाव्या शतकात व्हिएतनामला नेलं आणि तिथून आशियाभर गेलं. गुजरात सरकारने 2021 साली त्याचं नाव कमलम् ठेवलं. आपल्याकडे सांगली, सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यात खांब उभे राहिले. पाणी कमी, भाव चांगला, झाड चिवट. सगळं खरं. पण फूल उमलतं संध्याकाळी आणि सकाळी ऊन चढलं की मिटतं. मायदेशात वटवाघळं आणि मोठे रात्रकिडे हे काम करतात. व्हिएतनाममध्ये पांढऱ्या गराची जी जात पसरली ती बऱ्यापैकी स्वतःच्या परागावर फळ धरणारी, म्हणून तिथे अडलं नाही. लाल गराच्या कितीतरी जाती मात्र स्वतःचा पराग स्वीकारतच नाहीत. आणि एका रोपापासून काड्या करून लावलेली सगळी बाग म्हणजे एकच झाड, हे विसरायचं नाही. हजार खांब असले तरी परागाच्या हिशेबाने झाड एकच.

इस्रायलच्या नेगेव वाळवंटात 1990 च्या दशकात शास्त्रज्ञांना हेच दिसलं. बाग फुलते, फळ नाही, आणि दुसऱ्या जातीचा पराग हाताने लावला की फळ धरतं. आपल्या भागातही पाहिलंय. एकाने लाल गराची एकाच प्रकारची रोपं लावली. फुलं भरपूर आली, चार-पाच दिवसांत पिवळी पडून गळाली. दुकानदाराने बोरॉन दिलं, मग संजीवक दिलं, मग आणखी कसली बाटली दिली. पैसा गेला, फूल गळतच राहिलं. शेवटी शेजारच्या बागेतून वेगळ्या प्रकारची फुलं रात्री डबीत झटकून आणली, बॅटरी आणि कुंचला घेऊन दोन ओळी फिरले. त्या दोन ओळींना फळ लागलं. महिनाभरात फळ तयार. त्यांनी पुढे दर काही खांबांनंतर दुसऱ्या प्रकारची काडी लावून घेतली. सकाळी लवकर मधमाश्याही पराग नेतात, पण फूल मोठं आणि माशी लहान, तिचा मादी टोकाला स्पर्श व्हायलाच हवा असं नाही. म्हणून फळाचा आकार हवा असेल तर हाताला पर्याय नाही असं माझं मत आहे.

अवोकॅडोचा खेळ याहून मजेशीर. त्याचं प्रत्येक फूल दोनदा उघडतं. एकदा मादी म्हणून, मिटतं, आणि दुसऱ्या दिवशी नर म्हणून. काही जाती सकाळी मादी असतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर, त्यांना अ गट म्हणतात. काही दुपारी मादी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर, तो ब गट. म्हणजे अ आणि ब शेजारी असतील तर सकाळ-दुपार दोन्ही वेळा जोडी जुळते. आज ज्या हास जातीचा बोलबाला आहे ती अ गटातली. कॅलिफोर्नियात रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमनच्या अंगणात बीपासून उगवलेलं ते एक झाड, 1935 साली त्याने पेटंट घेतलं. त्याआधी गाजलेली फुएर्ते जात मेक्सिकोहून 1911 साली आणलेली, 1913 च्या कडाक्याच्या थंडीत तगली म्हणून तिला फुएर्ते, म्हणजे बळकट, हे नाव पडलं. ती ब गटातली. हवेनुसार वेळा मागेपुढे होतात, एकट्या झाडालाही थोडं फळ येतं. पण रोपवाला "सगळी हासच घ्या, तिलाच भाव आहे" म्हणत असेल तर त्याला सोबत ब गटातलं काय देतोस ते विचारा. उत्तर आलं नाही तर दुसऱ्या रोपवाटिकेत जा.

सोबती फुलावरच असतो असं नाही. सोयाबीनचं पीक आपल्याकडे 1960 च्या दशकात पंतनगर आणि जबलपूरच्या विद्यापीठांतून, अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने मोठ्या प्रमाणावर पुढे आलं. सोयाबीनच्या मुळांवर गाठी करणारा जिवाणू वेगळा. हरभऱ्याच्या मुळावरचा चालत नाही. अमेरिकेत हे पीक नवीन होतं तेव्हा जुन्या सोयाबीनच्या शेतातली माती पोत्यात भरून नव्या शेतात पसरायचे. आपण जिवाणू संवर्धनाचं पाकीट बियाण्याला चोळतो ते याचंच सुधारलेलं रूप. पाकिटावर पिकाचं नाव बघून घ्या हे मी दरवर्षी सांगतो, ते उगाच नाही. वर्षानुवर्षं सोयाबीन घेतलेल्या रानात हा जिवाणू आता वस्तीला असतो. पण पहिल्यांदाच सोयाबीन पडणार असेल त्या तुकड्यात पाकीट चुकवू नका.

आणि एक उलटी गोष्ट. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांना लाल रंग हवा होता. तो रंग मेक्सिकोतल्या निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यापासून मिळायचा. मद्रासमध्ये जेम्स अँडरसन या डॉक्टरने त्यासाठी निवडुंगाची बाग केली. 1795 साली एका कप्तानाने ब्राझीलहून किडा आणला. पण तो निघाला रानटी जातीचा. रंग हलका, भूक जबर. एका जातीचा निवडुंग त्याने फस्त केला, रंगाचा धंदा बुडाला. दुसऱ्या जातीच्या फड्या निवडुंगाला त्याने तोंड लावलं नाही, आणि तो दक्षिणेत माळरानं, गायरानं, गावकुसं गिळत शंभर वर्षं पसरत राहिला. 1926 मध्ये श्रीलंकेतून दुसऱ्या जातीचा कोचिनील किडा आला तेव्हा कुठे तो आटोक्यात आला. म्हणजे झाडाच्या सोबत्यासारखाच त्याचा वैरीही मागे राहतो, आणि तेव्हा झाड फळ नाकारत नाही, उलट रान खात सुटतं. घाणेरी आणि जलपर्णी या दोघी शोभेच्या म्हणूनच आल्या होत्या. विहिरीवर जलपर्णीचं जांभळं फूल बघून कुणी रोप घरच्या टाकीत आणत असेल तर त्याला अडवा.

यंदा मी परसात पॅशन फ्रूट लावतोय. आपल्या कृष्णकमळाचंच भावंड, ब्राझीलकडचं. जांभळ्या फळाची जात स्वतःच्या परागावर फळते. पिवळ्या फळाची फळत नाही, तिला दुसऱ्या वेलाचा पराग लागतो आणि तो नेणारी माशीही दणकट लागते, कारण फुलातले परागकोश उंचावर लटकतात. साधी मधमाशी खालून रस पिऊन निघून जाते, वर पाठ घासतो तो लाकूड पोखरणारा काळा मोठा भुंगा. तो आपल्याकडे आहे. घराच्या वाशांना, बांबूंना भोकं पाडतो म्हणून आपण त्याला हाकलतो. हवाई बेटांवरचे शेतकरी याच भुंग्यासाठी मळ्याच्या कडेला मऊ लाकडाचे ओंडके ठेवायचे. मी दोन वेगवेगळ्या रोपांपासूनचे पिवळे वेल घेतलेत, आणि कुंपणाजवळचं वाळलेलं पांगाऱ्याचं खोड जळणाला न नेता तसंच आडवं ठेवलंय. त्यात आताच चार भोकं दिसतात, खाली भुसा पडतोय. पिवळी फुलं दुपारी बाराच्या सुमारास उघडतात आणि रात्री मिटतात. शेजारच्या वांग्यावर फवारणी करायची झाली तर ती आता संध्याकाळी उशिरा, भुंगा खोडात परत गेल्यावर.